डाव कुणाच्या हातात?

१४ एप्रिलला गंगापूरला गेलो होतो. मिरवणूक संपली, डीजे गप झाला, आणि रात्री बसस्टँडजवळच्या टपरीवर आम्ही सात-आठ जण चहाला बसलो. बोलता बोलता एक दोस्त म्हणाला, "शाळेतली ही खिचडी बंद झाली पाहिजे. फुकटच्या खिचडीनं आपली पोरं लाचार झाली. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं, ताटली घेऊन रांगेत उभं राहा असं नाय सांगितलं!"

टाळ्या पडल्या. मीही एक टाळी वाजवली. मग हात थांबला. कारण ज्या हातानं टाळी वाजवत होतो त्याच हातात आठ वर्षं शाळेची ताटली होती.

तेव्हा टपरीवर जे बोलता आलं नाही ते इथं लिहितो.

हा दोस्त वाईट नाही. एम. ए. झालाय, नोकरी नाही, सभेत चांगलं बोलतो. त्याचा राग खरा आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी टोपली घेऊन दारोदार भाकरी मागितली. सणाच्या दुसऱ्या दिवशी उष्टं-शिळं पदरात घेतलं. ते अन्न म्हणजे गुलामीची पावती होती. बाबासाहेबांनी हाक दिली तेव्हा आपल्या लोकांनी मेलेलं ढोर ओढायचं सोडलं, भाकरी मागायची सोडली. उपाशी निजले, पण हात पसरला नाही. म्हणून आज सरकारनं पोराच्या ताटलीत काही वाढलं की आपल्या अंगावर तो जुना काटा येतो. मला कळतं हे. पण दोस्ता, तुझा काटा खरा असला तरी हिशेब चुकलाय.

माझं गाव गंगापूर तालुक्यातलं. जायकवाडीचा फुगवटा लांबून दिसायचा आणि वस्तीला पाणी टँकरचं. आई-बाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. कोयता उचलला की पाच महिने घर बंद. मी आणि धाकटी बहीण आजीजवळ. सकाळी कोरा चहा, असला तर त्यात काल रात्रीच्या भाकरीचा तुकडा. मी शाळेत कशासाठी जात होतो? खोटं कशाला बोलू, बाराखडीसाठी नाय, मोठ्या सुट्टीसाठी जात होतो. बाराखडी मागून आली. पोटात खिचडी गेल्यावर आली.

आज मी मुंबईत गोदीत माल चढवतो-उतरवतो. तिथला मुकादम काय संत नाही. पण दोन दिवसाच्या उपाशी माणसाला तोही जड गोणीखाली घालत नाही. माणूस पडला तर काम बुडतं एवढं त्याला कळतं. रिकाम्या पोटाला गोणी पेलत नाही तसं जोडाक्षरही पेलत नाही. मग उपाशी पोराच्या डोक्यावर गणित ठेवायचं आणि तो पडला की म्हणायचं, यांच्या जातीला डोकंच नाही!

आता 'फुकट' या शब्दाचा हिशेब करू. केंद्राच्या पीएम पोषण योजनेत पाचवीपर्यंतच्या पोराला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत असा नियम. धान्य वेगळं येतं. बाकी डाळ, भाजी, तेल, मसाला, सरपण सगळं मिळून १ मे २०२५ पासूनचा दर एका पोरामागं ६ रुपये ७८ पैसे. सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे. आम्ही टपरीवर बसून पोरांच्या लाचारीवर बोलत होतो, तेव्हा हातातला चहाचा कप त्या चौथीतल्या पोराच्या डाळ-भाजीपेक्षा महाग होता.

आणि हे पैसे कुणाच्या बापाचे? माझी आई साबण घेते, काडेपेटी घेते, त्यावर कर भरते. ऊस आम्ही तोडतो, गोदीत माल आम्ही वाहतो. सरकारची तिजोरी आकाशातून पडली नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यानं २५० पेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कॅन्टीन काढायला लावायची तरतूद केली. आपल्या तालुक्यातल्या वाळूजला कॅन्टीनमध्ये जेवणाऱ्या कामगाराला कुणी भिकारी म्हटलं का? संसदेच्या उपाहारगृहात खासदारांना २०२१ पर्यंत सरकारी सवलतीचं ताट मिळत होतं. ते खाऊन कुणी खासदार लाचार झाल्याचं ऐकलं नाही. फक्त आपल्या पोराच्या ताटलीत वरण पडलं की देशाचा स्वाभिमान धोक्यात येतो.

दोस्त म्हणतो, ही चळवळीची रीत नाही. चळवळीचीच रीत आहे ही! १८७७ च्या दुष्काळात जोतिराव फुल्यांनी आणि सत्यशोधक समाजानं पुण्याजवळ धनकवडीला उपाशी पोरांसाठी बालाश्रम काढला, तिथं पोरांना जेवू घातलं. पाच वर्षांनी, १८८२ मध्ये, तेच जोतिराव हंटर कमिशनपुढं सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागत होते. आधी भाकरी, मग पाटी. या माणसाला क्रम ठाऊक होता. १९२० मध्ये मद्रास महापालिकेत ब्राह्मणेतर चळवळीच्या जस्टिस पक्षानं शाळेत पोरांना खायला द्यायला सुरुवात केली. तामिळनाडूची पुढची सगळी गोष्ट तिथून निघाली.

आणि ज्यांच्यावरून १९७२ मध्ये मुंबईत आपल्या पँथरनं नाव घेतलं, ते अमेरिकेतले काळे पँथर? त्यांची बंदूक सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांची कढई कुणाला ठाऊक नाही. जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडच्या एका चर्चमध्ये त्यांनी शाळेआधी गरीब पोरांना फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली. बघता बघता तो शहरोशहरी पोचला. एफबीआयचा प्रमुख हूव्हर बंदुकीला घाबरला नसेल एवढा त्या नाश्त्याला घाबरला. पोरगं पोटभर खातं आणि वाढणाऱ्याला विचारतं, सरकार हे का देत नाही? हा प्रश्न सत्तेला परवडत नाही. अमेरिकन सरकारचा शाळेतला नाश्ता १९६६ पासून प्रयोग म्हणून चालू होता, तो १९७५ मध्ये कायम झाला. तुझ्या हिशेबानं तेही लाचार का?

आपल्याकडं कुणी दयाळू मंत्र्यानं सकाळी उठून खिचडी वाढली नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची योजना आली, पण बहुतेक राज्यांत पोराच्या हातात महिन्याचे ३ किलो तांदूळ टेकवले की काम झालं. तांदूळ घरी जायचा, घरात सात तोंडं. २००१ मध्ये सरकारी गोदामं धान्यानं फुटायला आली होती आणि माणसं उपाशी होती. तेव्हा पीयूसीएल ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ नोव्हेंबर २००१ ला न्यायालयानं हुकूम दिला : शिजवलेलं अन्न द्या, वर्षाचे किमान २०० दिवस द्या. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात आठवीपर्यंतच्या पोराचं हे ताट हक्क म्हणून लिहिलं गेलं. शाळेच्या दिवशी जेवण दिलं नाही तर सरकारला भत्ता द्यावा लागतो, असंही त्यात आहे. आता सांग, भीक मिळाली नाही म्हणून भिकाऱ्याला कधी भत्ता मिळतो का?

पण मी खिचडीची आरती ओवाळायला बसलो नाही. आता खरं दुखणं सांगतो.

मी तिसरीत होतो. त्या वर्षी आई तोडीला गेली नाही, पाठ धरली होती. शाळेत बचत गटाकडून स्वयंपाकाचं काम निघालं, आईचं नाव लागलं. आई रात्रभर झोपली नाही. पहिल्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसून गेली. मसालेभात केला. आमच्या वस्तीची पोरं जेवली. बाकीची अर्धी पोरं वर्गात बसून राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून डबे आणले. पंधरा दिवसांत गावानं दुसरी बाई आणली. आईला काढलं नाही, तेवढे शहाणे होते ते. आई म्हणाली, "लेकरा, म्या रांधलेलं कोन्ही खाईना, मंग मला भांडे घासाया ठिवलं." पाण्याच्या टाकीला हात लावायचा नाही, चुलीजवळ यायचं नाही, सगळ्यांचं झाल्यावर भांडी. आणि ती नवी बाई आमच्या ताटलीत वाढताना डाव वर धरायची. वितीभर वरून खिचडी सोडायची, डाव ताटलीला लागू नये म्हणून. निम्मी जमिनीवर सांडायची. बाबासाहेबांच्या लहानपणी शिपाई आला तरच प्यायला पाणी मिळायचं. माझ्या लहानपणी पाण्याच्या जागी खिचडी आली आणि शिपायाच्या जागी डाव. एवढीच प्रगती.

हे एकट्या माझ्या गावाचं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात सुखीढांगच्या शाळेत दलित बाईनं रांधलं म्हणून सवर्ण पोरांनी जेवण सोडलं, तर बाईलाच कामावरून काढलं. बोंब झाली तेव्हा परत घेतलं. वास्तविक २० एप्रिल २००४ लाच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की स्वयंपाकी नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्या. न्यायालयाला कळलं होतं की ही योजना नुसती पोटाची नाही. एका चुलीचं, एका पंगतीत, आपल्या बाईच्या हातचं गावानं खायचं, म्हणजे रोज दुपारी एक महाडचं तळं!

म्हणूनच सांगतो दोस्ता, खिचडी बंद झाली तर खूश कोण होईल? ज्यांची पोरं घरी तूप-पोळी खातील ते. पंगत मोडावी हेच त्यांना पाहिजे. आणि आपण स्वाभिमानाच्या नावानं त्यांच्या हातात आयतं कोलीत द्यायचं?

आता अंडं. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं. केवढा कालवा झाला! शाळा विटाळल्या म्हणे. आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं अंड्याचा पैसा थांबवला. द्यायचं तर लोकवर्गणी काढा म्हणाले. म्हणजे आमच्या वस्तीनं वर्गणी काढायची! २०१६ च्या दुष्काळात सर्वोच्च न्यायालयानं दुष्काळी राज्यांना सांगितलं होतं की आठवड्यातून निदान तीन दिवस अंडं, दूध किंवा तसं काही पोषक द्या. तामिळनाडूत शाळेच्या जेवणात आठवड्याचे पाच दिवस अंडं असतं, तिथं कुणाचा धर्म बुडाला नाही. आपल्या पोराच्या ताटलीत काय पडावं हे त्याच्या बरगड्या बघून ठरत नाही, दुसऱ्याच्या सोवळ्यावरून ठरतं. भाकरी मागणाऱ्या आज्यालाही काय वाढायचं हे वाढणाराच ठरवत होता. दोस्ता, तुझा राग इथं आण. इथं तो कामाला येईल.

तू म्हणतोस त्यातलं काही खरंही आहे. डाळीत पाणी असतं. तांदळात सोनकिडे असतात. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या जेवणात कीटकनाशक जाऊन २३ पोरं मेली. मास्तर शिकवायचं सोडून गोणी मोजत बसतो. स्वयंपाकिणीचं मानधन केंद्राच्या हिशेबात २००९ पासून महिना १००० रुपयांवर अडकलंय, तेही वर्षाचे दहाच महिने. राज्य वर थोडी भर घालतं, पण त्याला मजुरी म्हणायची लाज वाटते. आणि आठवी संपली की ताटली काढून घेतात. नववीत पोराची भूक संपते का? उलट तेव्हाच वाढते. मी नववी-दहावी हॉटेलात कपबशा विसळून काढली. माझ्याबरोबरची पोरं त्याच दोन वर्षांत कोयत्याला गेली, पोरींची लग्नं झाली. मी मॅट्रिक झालो हे माझं शौर्य नाही, हॉटेलात उरलेल्या भाताचं आहे. तेवढं मात्र मी खरंच उष्टं खाल्लं. तुला लाचारी बघायची असेल तर ती तिथं होती, शाळेच्या ताटलीत नव्हती.

तेव्हा शहरातल्या दोस्तांनो, कविता लिहिता, पोस्टर लावता, मोर्चे काढता, छान. सुट्टीत गावाकडं गेलात की एक दुपार शाळेत जा. पंगतीत कोण कुठं बसतं बघा. डाव किती उंचावरून येतो बघा. डाळ ढवळून बघा. चुलीपुढं कोण आहे आणि भांड्यापुढं कोण आहे बघा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक पाहिजेत, निम्म्या बाया पाहिजेत, वंचितांना वाटा पाहिजे. आपल्या वस्तीतली किती नावं त्या कागदावर आहेत, आणि त्यातल्या किती जणींना बैठकीला बोलावतात, हे विचारा. जेवण बुडालं तर भत्त्याचा अर्ज करा. अंड्याचा पैसा सरकारच्या खिशातून मागा, वस्तीच्या नाय. ताटली बारावीपर्यंत मागा. स्वयंपाकिणीला मजुरी मागा. आणि हे सगळं मागताना मान खाली घालू नका. ज्याचं आहे तो मागत नाही, वसूल करतो.

आईला फोनवर सांगितलं, असं असं लिहितोय. ती हसली. म्हणाली, "ल्ही. पर येक ल्ही. त्या दिशीचा माहा मसालेभात लई झ्याक झाला व्हता."

लिहिलं, आई. झ्याक झाला होता. मी दोनदा घेतला होता.

जय भीम!