एक तळं, तीन प्रिंट

तुमच्या फोनमध्ये फोटो किती? पाच हजार? दहा? त्यातला एक कुणी २९ लाख डॉलरला मागितला तर? हसू नका. फेब्रुवारी २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एका फोटोला एवढी बोली लागली. तोवरचा तो विक्रमच होता. फोटो एडवर्ड स्टायकनचा, १९०४ सालचा. झाडी, तळं आणि झाडांमागून डोकावणारा चंद्र. काढला तेव्हा स्टायकन अवघा २५ वर्षांचा, म्हणजे तुमच्याहून थोडासाच मोठा.

विकणारं कोण होतं माहितीये? मेट्रोपॉलिटन म्युझियम!

या फोटोच्या तीनच प्रिंट माहीत आहेत. त्यातली एक मेटकडे १९३३ पासून होती, अल्फ्रेड स्टीग्लिट्झनं दिलेली. फोटो ही कला आहे, हे लोकांच्या गळी उतरवण्यात या माणसानं उमेद खर्ची घातली. मित्रांचे फोटो विकत घेतले, जपले आणि शेवटी चारशेहून जास्त फोटो म्युझियमला देऊन टाकले. गंमत म्हणजे तोवर त्या धूसर, चित्रासारख्या फोटोंची फॅशन गेली होती. खुद्द स्टीग्लिट्झही त्या शैलीपासून दूर गेला होता. आपल्याला आता आवडत नाही म्हणून फेकून न देता त्यानं ते सगळ्यांसाठी ठेवलं. आम्हाला त्याचं मोठेपण इथं दिसतं.

मग २००५ मध्ये मेटनं गिलमन संग्रह मिळवला, साडेआठ हजारांहून जास्त फोटोंचा. त्यात तेच तळं पुन्हा आलं. एकच फोटो दोनदा कशाला, म्हणून म्युझियमनं स्टीग्लिट्झची प्रिंट ठेवली आणि दुसरी लिलावात काढली.

हिशेब बरोबर आहे. तरी आम्हाला तो खटकतो. स्टायकननं या प्रिंटवर हातानं रंग चढवला होता. एकाच आईनं केलेल्या दोन पुरणपोळ्यासुद्धा सारख्या नसतात, तर या कशा असतील? दोन्ही शेजारी-शेजारी लावून फरक बघायची सोय एकाच इमारतीत झाली होती. ती गेली. लोकांच्या भिंतीवर येऊ शकणारी वस्तू पुन्हा लिलावाच्या बाजारात गेली. पैसा संग्रहासाठीच वापरला, हे मान्य. पण उद्या कुणी आपला संग्रह द्यायला निघाला, तर 'नंतर विकणार तर नाही ना?' हे त्यानं आधीच कागदावर लिहून घ्यायला हवं, आणि असं विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही.

पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वाद्यं आयुष्यभर जमवून राज्य सरकारच्या हवाली केली, म्हणून आज आपण तिकीट काढून ती बघतो. पुढच्या वेळी कुठल्याही म्युझियममध्ये गेलात की सेल्फीआधी पाटीवरची सगळ्यात बारीक ओळ वाचा. वस्तू कुणी दिली, ते तिथं लिहिलेलं असतं. मेटमधल्या त्या तळ्याखाली आजही स्टीग्लिट्झचं नाव आणि १९३३ हे साल आहे.