"लस चालेल, सक्ती नको" म्हणणाऱ्या भावी फार्मासिस्टांच्या आईबाबांसाठी

मंडळी, जरा स्पष्ट लिहितेय. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा.

रियाध, जेद्दा, दम्माम, जुबैलमध्ये बारावी करून आपली कितीतरी मुलं बी.फार्म. नाहीतर फार्म.डी. करायला पुण्या-मुंबईकडे जातात. काही इथेच शिकतात. लसीकरणाचा विषय निघाला की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, "लसीला विरोध नाही, सक्तीला आहे." आणि आपण कौतुकानं बघत बसतो, पोरगं स्वतःचा विचार करायला लागलं म्हणून!

हेच वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं तर मी समजू शकते. पण औषधं हाताळायचा परवाना मागणाऱ्यानं म्हणावं?

आपण राहतो कुठे ते बघा. सौदीत १९७९ साली शाही फर्मान निघालं आणि बाळाच्या जन्मदाखल्याला लसीकरणाची अट लागली. १९८७ च्या हजमध्ये मेंदूज्वराची साथ आली, मग २००० आणि २००१ मध्ये डब्ल्यू-१३५ या वेगळ्या प्रकाराची. २००० साली हा आजार यात्रेकरूंबरोबर युरोपात पोहोचला आणि हजला कधी न गेलेली घरची माणसंही आजारी पडली. त्यानंतर चार प्रकारांवरची लस हजच्या व्हिसासाठी सक्तीची झाली. "माझं शरीर, माझा निर्णय" हे घरी बसून आजारी पडलेल्या त्या माणसांना कसं सांगणार? त्यांना कुणी विचारलं होतं?

मग मुलं सुप्रीम कोर्ट काढतात. २ मे २०२२ चा जेकब पुलियेल खटल्याचा निकाल, कुणालाही जबरदस्तीनं लस टोचता येणार नाही. बरोबर आहे. पण पुढचं वाचा ना! सार्वजनिक आरोग्यासाठी, प्रमाणात असतील तर, व्यक्तीवर काही मर्यादा घालता येतात, हेही तिथेच लिहिलंय. मी सीए आहे. ताळेबंद बघून खालच्या टिपा न वाचणारी माणसं मी रोज बघते. हे तसलंच वाचन आहे.

तुमच्या मुलाला कुणी धरून सुई टोचत नाहीये. अट एवढीच, की वॉर्डात जायचंय तर लस घेऊन जा. तिथे केमोथेरपी चालू असलेला पेशंट असतो, लस घ्यायचं वय न झालेलं बाळ असतं. फार्मासिस्ट व्हा अशी सक्ती तर कुणीच केलेली नाही.

आता खरी दुखरी गोष्ट. "हिपॅटायटिस बीचं मागच्या तारखेचं सर्टिफिकेट कुठे मिळेल? कॉलेजला फक्त कागद हवाय." असे प्रश्न पालकच विचारतात, आणि दोन मिनिटांत कुणीतरी नंबरही देतं. माझ्या धंद्यात व्यवहार न होता बनवलेल्या व्हाउचरला एकच शब्द आहे, खोटं. उद्या हेच पोर औषधाच्या बाटलीवरची एक्स्पायरी तपासणार आहे. कागद महत्त्वाचा, खरं-खोटं नंतर बघू, हा पहिला धडा त्याला आईबाबांनी द्यायचा?

आणि हे कशासाठी? तीन डोस असतात. पहिला, एक महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांत रक्ताची तपासणी केली की संरक्षण तयार झालं की नाही तेही कळतं. सहा महिने लागतात म्हणूनच आधी सुरुवात करायची असते.

सक्ती करणाऱ्यांनाही मोकळं सोडू नका. लस फुकट द्या, ॲलर्जी किंवा आजार असेल त्याला लेखी सूट द्या, त्रास झाला तर नोंद करा आणि उपचार करा, हे कॉलेजला ठणकावून विचारा. मुलांनी प्रश्न जरूर विचारावेत. दुष्परिणामांची नोंद करणं हे तर त्यांच्याच अभ्यासक्रमातलं काम आहे. इथे एसएफडीए आहे, भारतात २०१० पासून फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. शंका असेल तर पुरावा मांडा, नुसतं "सक्ती नको" म्हणून मोकळं होऊ नका.

सौदीत २०२१ मध्ये कोविडची लस औषधांच्या दुकानांतही मिळायला लागली. म्हणजे उद्या सुई आपल्याच मुलांच्या हातात असेल. समोरचा विचारेल, "तुम्ही घेतली का?" तेव्हा त्यांना खोटं बोलावं लागू नये.

आज रात्री लसीकरणाचं कार्ड शोधा. डोस राहिला असेल तर या आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या. आणि तो सर्टिफिकेटवाल्याचा नंबर डिलीट करा.