उन्हाळ्याची परीक्षा

गेल्या जानेवारीत सिकंदराबादला बहिणीकडे गेलो होतो. भाचा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकत होता. आईने दोन वर्षे पै पै साठवून दिलेल्या रकमेतून त्याने पार्क लेनमधील चिनॉय ट्रेड सेंटरातून एकेक भाग आणला व घरीच संगणक जुळविला. वर्षभराचा प्रकल्प त्यातच होता. “मामा, आज मी याचा वेग वाढविणार,” तो म्हणाला. बहीण माझ्याकडे पाहू लागली. यंत्र जळले तर दुसरे आणायचे कोठून, ही तिची धास्ती.

वाचकहो, आपलीही मुले शहरांत शिकत आहेत. त्यांच्या घरीही हा प्रश्न येईल, म्हणून तो दिवस सांगतो.

प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू. तो ठोक्यांच्या तालावर काम करितो. 1 गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला 1 अब्ज ठोके. उत्पादकाने नेमून दिलेल्या वेगापलीकडे हे ठोके वाढविणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. भाच्याचा प्रोसेसर ए. एम. डी.चा रायझन 5 5600एक्स. या कंपनीचे आखणीचे एक केंद्र हैदराबादेतच आहे. त्याचा मूळ वेग 3.7 गिगाहर्ट्झ, गरज पडताच तो आपण होऊन 4.6 पर्यंत चढतो. म्हणजे हाताने मिळणारी भर थोडीच, आणि त्यापायी झालेली हानी हमीत बसत नाही. हे मी भाच्याला आधी सांगितले.

“पण मामा, 2011 साली याच कंपनीचा एक प्रोसेसर 8.4 गिगाहर्ट्झच्या पुढे गेला होता!”

“गेला होता खरा, पण द्रवरूप हेलियमने गारठवून. तुझ्यापाशी पंखाच आहे ना?”

तो हसला आणि माझ्या म्हणण्याप्रमाणे करण्यास राजी झाला.

प्रथम प्रकल्पाची प्रत वेगळ्या डिस्कवर उतरविली. पंख्यातील धूळ झाडली. बायोसमधील मूळचे सर्व आकडे वहीत लिहून घेतले. मग एका वेळी एकच बदल, तोही लहान. प्रत्येक पायरीनंतर यंत्राला तासभर पूर्ण भार देऊन तापमान पाहायचे. चूक आढळली की एक पायरी मागे यायचे. यंत्र सुरूच झाले नाही, तर वीज तोडून, मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बायोस मूळपदावर आणायचा.

खरा धोका व्होल्टेजचा. वेग 10 टक्के वाढविला, तर विजेचा खर्च साधारण तेवढाच वाढतो. परंतु व्होल्टेजचा परिणाम वर्गाच्या पटीने होतो. दोन्ही 10 टक्के वाढविले, तर खर्च सुमारे 33 टक्क्यांनी वाढतो, आणि त्या साऱ्याची उष्णता होते. म्हणून व्होल्टेज शेवटी, आणि अगदी जपून.

सायंकाळी सहाही कोर 4.5 गिगाहर्ट्झवर स्थिर चालू लागले. तापमान 76 अंश. या प्रोसेसरची मर्यादा 95. भाचा आनंदला.

मी विचारले, “खोलीत आता किती अंश आहेत?”

“चोवीस.”

“आणि मे महिन्यात?”

तो थबकला. पंखा खोलीतलीच हवा फिरवितो. खोली जितकी तापेल, साधारण तितकाच प्रोसेसरही तापतो. हैदराबादचा मे महिना 40 अंशांपलीकडे जातो. खोली 39 अंशांवर गेली, की 76 चे 91 होतात. मर्यादेला अवघे चार अंश उरतात, आणि प्रकल्प सादर करण्याचे दिवस नेमके तेच!

त्याने न बोलता वेग 4.4 वर आणला, व्होल्टेजही थोडे उतरविले. तापमान 70 वर आले. शेजारी बसून विणीत असलेल्या आईला त्याने ते आकडे समजावून सांगितले. तिला सारे उमगले नसेल. पण मुलगा मे महिन्याचा विचार करून मागे आला, एवढे तिला पुरेसे कळले.

मे महिन्यात त्याचा दूरध्वनी आला. खोलीत 40 अंश, प्रोसेसर 86 वर, आणि प्रकल्प वेळेवर सादर झाला होता. वेग जानेवारीत वाढविला जातो. तो पेलतो की नाही, हे मे महिना ठरवितो.