पेरणीच्या आधी विहीर मोजा

उन्हाळी भुईमूग पेरायचा म्हटलं की बियाण्याचा भाव सगळे विचारतात, विहिरीत पाणी किती दिवसांचं आहे ते कोणी बघत नाही. दोरीला दगड बांधून तळापर्यंत सोडा आणि भिजलेली दोरी मोजा.

माझ्या विहिरीत २६ जानेवारीला २४ फूट पाणी होतं, ९ फेब्रुवारीला २१ फूट. १४ दिवसांत ३ फूट उतरलं, म्हणजे आठवड्याला दीड फूट. फुटव्हॉल्व्हसाठी तळाचे ३ फूट सोडले, उरले १८. अठरा भागिले दीड, १२ आठवडे. मोटर आत्ताइतकीच चालली तर मे उजाडताच पाणी संपलं. भुईमुगाला ११५ ते १२० दिवस लागतात, म्हणजे जवळपास १७ आठवडे. ऐन शेंगा भरायच्या टायमाला पाणी तुटणार.

"बघू, वळीव येईल" हा काय हिशोब नव्हे. एकरभर वाळवण्यापेक्षा वीस गुंठे पिकवलेले बरे. मी तेवढाच पेरतोय.

आणि एक. एप्रिलात ऊन वाढतं, झरे आटतात, मग पाणी जास्त वेगानं उतरतं. म्हणून दर पंधरा दिवसांनी परत मोजा, नवा दर काढा. भागाकार साधाच आहे, पण पेरणीच्या आधी केला तरच उपयोगाचा.