कुठला बलून, डॉक्टर?

मोठ्या दवाखान्याच्या जिन्यात एक वाक्य हमखास कानी पडते : "बलून टाकायला सांगितलाय." लगेच गावाकडे फोन जातो, मंडळाचे कार्यकर्ते धावपळ करतात, घरातल्या बाईच्या गळ्यातली पोत सोनाराकडे पोहोचते. पण कुठला बलून, असे विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही. हृदयाच्या उपचारात तीन निरनिराळ्या गोष्टींना आपण हा एकच शब्द वापरतो, आणि त्यातल्या तिसऱ्याचा अर्थ फार वेगळा आहे.

पहिला बलून अँजिओप्लास्टीचा. तो हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी मोकळी करतो. दुसरा अरुंद झालेली झडप रुंद करतो. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन झडप बिघडलेल्या तरुण मुलींना तो पुष्कळदा लागतो. हे दोन्ही काम होताच बाहेर काढतात. तिसरा मात्र आत राहतो, काही तास किंवा काही दिवस, आणि हृदयाच्या ठोक्याबरोबर फुगतो व मिटतो. त्याचे पूर्ण नाव इन्ट्रा-एऑर्टिक बलून पंप. हा सांगितला, की रुग्ण बहुधा अत्यवस्थ आहे असे समजावे.

निरोगी हृदय स्वस्थ बसलेल्या माणसातही मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त बाहेर ढकलते. मोठा झटका येऊन डाव्या कप्प्याचा बराचसा स्नायू निकामी झाला, की हे जमत नाही. रक्तदाब घसरतो, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. डॉक्टर याला 'शॉक' म्हणतात. विजेच्या शॉकशी त्याचा काही संबंध नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळ नातेवाईक तसेच समजून घाबरतात.

अशा वेळी छाती न उघडता, जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर सरकवून लांबट बलून छातीतल्या महाधमनीत ठेवतात. खाटेशेजारचे यंत्र त्यात हेलियम वायू सोडते आणि ओढून घेते. हा वायू अतिशय हलका, म्हणून क्षणात आतबाहेर होतो. हृदय दोन ठोक्यांच्या मध्ये विसावले, की बलून फुगतो आणि महाधमनीतले रक्त मागे हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांकडे व मेंदूकडे रेटतो. हृदयाच्या स्नायूला त्याचे बरेचसे रक्त या विसाव्याच्या क्षणीच मिळत असते. पुढचा ठोका पडण्याच्या आत बलून मिटतो. पुढे जागा मोकळी झाल्याने थकलेल्या हृदयाला रक्त ढकलणे सोपे जाते. पण ही मदत थोडी आहे : मिनिटाला साधारण अर्धा ते एक लिटर.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातले शल्यचिकित्सक एड्रियन कँट्रोविट्झ यांनी १९६७ साली शॉकमध्ये गेलेल्या एका बाईवर हा बलून पहिल्यांदा यशस्वी रीतीने वापरला. सुमारे सात तास तो चालला आणि ती बाई बरी होऊन घरी गेली. पुढे जगभर हजारो रुग्णांना तो लावला गेला. शरीरशास्त्राच्या हिशेबाने उपयोग व्हायलाच हवा, असे सर्वांनी गृहीत धरले होते. मग जर्मनीत झटक्यानंतर शॉकमध्ये गेलेल्या ६०० रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. २०१२ साली निकाल आला. तीस दिवसांत बलून लावलेल्यांपैकी ३९.७ टक्के दगावले, न लावलेल्यांपैकी ४१.३ टक्के. म्हणजे सांगण्याजोगा फरक नाही! तेव्हापासून तो सरसकट लावू नये असा सल्ला दिला जातो. झटक्याने हृदयाचा पडदा फाटला, झडप अचानक निकामी झाली किंवा बायपासच्या आगेमागे हृदय दमले, अशा निवडक वेळी आजही तो वापरतात. उलट महाधमनीची झडप मुळातच गळत असेल, तर हा बलून अपाय करतो.

त्याच्यापुढचे साधन म्हणजे इम्पेला नावाचा चिमुकला पंप. तोही जांघेतून जातो, पण थेट डाव्या कप्प्यात. तिथले रक्त ओढून तो महाधमनीत सोडतो आणि बलूनपेक्षा कितीतरी अधिक काम करतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, डेन्मार्क, जर्मनी व ब्रिटनमधल्या चाचणीत १८० दिवसांत हा पंप लावलेल्यांपैकी ४५.८ टक्के दगावले, न लावलेल्यांपैकी ५८.५ टक्के. फरक मोठा आहे. पण रक्तस्राव, मूत्रपिंडाचे त्रास आणि पायाचा रक्तपुरवठा तुटणे हेही पंपवाल्यांत जास्त झाले. शिवाय त्या चाचणीचे रुग्ण निवडक होते. आपल्याकडे त्याचा खर्च कित्येक लाखांत जातो.

नवस बोलणे आपल्या आईवडिलांनी १९५६ साली सोडले. पांढऱ्या कोटापुढे न विचारता मान डोलावणे मात्र आपण अजून सोडलेले नाही. सही करण्यापूर्वी अदबीने विचारावे : साहेब, यातला कुठला बलून? बंद रक्तवाहिनी उघडली का? (शॉकमध्ये मुख्य उपचार तोच, पंप त्याला आधार.) याच रुग्णाला पंपाचा फायदा होईल असे आपल्याला का वाटते? किती दिवस ठेवाल, आणि काढल्यावर पुढे काय? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. खर्च योजनेत बसतो का, हे पोत मोडण्याआधी त्याला विचारावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ असू द्यावे.

बलून किंवा पंप चालू असताना तो पाय सरळच ठेवावा लागतो. आपल्या माणसाला गुडघा दुमडू देऊ नका, उशी देऊन उठवून बसवू नका. आजारी भिक्खूची शुश्रूषा तथागतांनी स्वतःच्या हातांनी केली होती. आपल्याला पाच मिनिटे आत सोडले तर निदान पांघरूण बाजूला करून पायाची बोटे पाहावीत. पाय गार लागला, निळसर किंवा पांढरा दिसला, बोटांना मुंग्या येतात असे रुग्ण म्हणाला किंवा जांघेतून रक्त येत असले, तर भेटीची वेळ संपण्याची वाट न पाहता सिस्टरांना तिथल्या तिथे हाक मारावी.