हळदीचा कुकर आणि बाष्पकाचा कायदा

सांगली-सातारा पट्ट्यात हळद शिजविण्याच्या काहिली मागे पडून त्यांची जागा वाफेच्या कुकरने घेतली, ही इष्टच गोष्ट झाली. टाकीत पाणी उकळते, वाफ नळीवाटे हळकुंडांच्या पिंपांत शिरते. जळण वाचते आणि माल एकसारखा शिजतो. ही यंत्रे गावोगावच्या वेल्डिंगच्या कारखान्यांतून, बहुधा छापील नमुन्यावाचूनच, घडत आली. त्या कारागिरांच्या कल्पकतेविषयी आम्हांस आदर आहे. परंतु बंद भांड्यात वाफ कोंडू लागली म्हणजे निव्वळ कल्पकता पुरत नाही. तेथे हिशेब लागतो.

१९२३ चा कायदा जाऊन २०२५ चा बाष्पक अधिनियम आला, तरी मर्यादा त्याच राहिल्या. २५ लिटरहून लहान, किंवा ज्याचा संकल्पित आणि प्रत्यक्ष दाब चौरस सेंटिमीटरला एक किलोहून कमी, ते भांडे बाष्पक नव्हे. कुकरमधले पाणी २५ लिटरहून कितीतरी अधिक असते. तेव्हा सारा प्रश्न दाबावर येऊन ठेपतो. ‘आमच्या यंत्रात दाब नसतोच’, हे उत्तर वाफेची वाट मोकळी असेतोवर खरे आहे. नळी तुंबली किंवा झडप अडकली तर काय? एक किलो हा आकडा किरकोळ वाटतो खरा. पण मीटरभर लांब आणि तितक्याच रुंद सपाट पत्र्यावर तोच दाब दहा हजार किलोंचा रेटा देतो. गोल नळकांडे तो रेटा सहज पेलते. चौकोनी टाकीचा पत्रा मात्र फुगतो आणि कोपऱ्याचा जोड उसवू लागतो. वेल्डिंग नेमके तेथेच असते!

म्हणून चौकोनी टाकी सरसकट नाकारावी काय? मुळीच नाही. १९०५ साली अमेरिकेत ब्रॉकटन येथील जोड्यांच्या कारखान्यात बाष्पक फुटून ५८ जण दगावले. अशाच दुर्घटनांच्या धड्यांतून तेथील अभियंत्यांच्या संस्थेची पहिली संहिता १९१५ साली निघाली. पण त्याच संस्थेने १९६८ साली, ताणांचे सविस्तर गणित मांडून रचना सिद्ध करण्याचा स्वतंत्र मार्गही खुला केला. आपल्या १९५० च्या विनियमांतही सपाट पत्र्यांची आणि त्यांना आधार देणाऱ्या सळयांची सूत्रे आहेत. आकार वेगळा असणे हा गुन्हा नव्हे. मात्र तो सुरक्षित असल्याचे दाखविण्याची जबाबदारी घडविणाऱ्याची. ‘दहा हंगाम चालले, काही झाले नाही’, हा पुरावा नव्हे. पत्रा दरसाल गंजत असतो.

एकट्या कारागिराला हे गणित झेपणार नाही, हेही उघड आहे. सांगलीत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून आहे, कराडचे शासकीय महाविद्यालय १९६० पासून. बाष्पके संचालनालयाने या दोहोंच्या साह्याने प्रचलित नमुन्यांतील दोन-तीन टाक्या पाण्याच्या दाबाखाली तपासाव्यात. हवेच्या नव्हे, कारण कोंडलेली हवा फुटताना माणसे मारते. त्यांत उतरलेल्या नमुन्याचे पत्र्याच्या जाडीसह रेखाचित्र मराठीत छापून प्रत्येक वेल्डरला फुकट द्यावे. मसाला मंडळाने अशा यंत्रांसाठी अनुदान दिलेले आहे; यापुढे ते देताना टाकीवर कोरलेला दाबाचा आकडा आणि हाताने बंद न करता येणारी सुरक्षा-झडप, एवढ्या दोन अटी तरी घालाव्यात.