‘आमच्यामागे याचे कोण?’

हिंगोली जिल्ह्यातील पुसेगाव असो वा महाराष्ट्राच्या कोणत्याही कोपऱ्यातील खेडे, ज्या घरात दिव्यांग मूल जन्माला येते त्या घरातील आईवडिलांच्या मनात एक प्रश्न अखंड जागा असतो : ‘आमच्यामागे याचे कोण?’ मूल लहान असेपर्यंत त्याला कडेवर घेता येते. ते मोठे होते, आईवडील थकतात आणि प्रश्न अधिक धारदार होतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग होते आणि त्यांपैकी १ कोटी ८६ लाख ग्रामीण भागात राहत होते. उपचार, विशेष शाळा आणि प्रशिक्षणाच्या सोयी मात्र मुख्यतः शहरांत एकवटल्या आहेत.

ज्यांना आईवडील आहेत त्यांची ही स्थिती; मग ज्यांना जन्मतःच उकिरड्यावर, रेल्वे फलाटावर टाकून दिले गेले, त्यांचे काय? या प्रश्नाचे उत्तर अमरावती जिल्ह्यात, अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी स्वतःच्या आयुष्याने दिले आहे. संत गाडगेबाबांना आदर्श मानणारा हा कार्यकर्ता एके काळी ‘देवकीनंदन गोपाला’ या नावाचे नियतकालिक चालवीत असे. गाडगेबाबांनी देव देवळात न शोधता अंध, पंगू आणि रोगी माणसांत शोधण्यास सांगितले. शंकरबाबांनी तो उपदेश कीर्तनापुरता ठेवला नाही. अंबादासपंत वैद्य यांच्या नावाने चालणाऱ्या बालगृहात त्यांनी शंभराहून अधिक बेवारस दिव्यांग मुलामुलींना आश्रय दिला.

आश्रय हा शब्दही येथे अपुरा आहे. आश्रय देणारे पुष्कळ असतात. शंकरबाबांनी या मुलांना स्वतःचे नाव दिले. त्यांच्या कागदपत्रांवर वडिलांच्या रकान्यात ‘शंकरबाबा पापळकर’ असे लिहिलेले असते. अनाथ हा शिक्का पुसून टाकण्याचा याहून थेट मार्ग कोणता? याच मुलांच्या हातांनी तेथील उजाड माळावर हजारो झाडे उभी राहिली. जळगावच्या रेल्वे स्थानकावर तान्हेपणी टाकून दिली गेलेली एक अंध कन्या २०२४ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या लिपिक-टंकलेखक परीक्षेत यशस्वी झाली. ‘बेवारस’ ठरविलेल्या जीवांत किती सामर्थ्य दडलेले असते, याचा हा पुरावा होय. २०२४ साली शासनाने शंकरबाबांना पद्मश्री देऊन गौरविले.

परंतु गौरवाने मूळ प्रश्न सुटत नाही, आणि तो प्रश्न शंकरबाबांनीच वर्षानुवर्षे शासनाच्या दारी मांडला आहे. बालन्याय कायद्याच्या दृष्टीने अठरा वर्षे पूर्ण होताच मूल ‘बालक’ राहत नाही. पुढे अनुरक्षणाची तरतूद आहे, तीही साधारणतः एकविसाव्या वर्षापर्यंतच. धडधाकट तरुणासाठी ही मुदत कदाचित पुरेशी असेल. पण ज्याला स्वतःच्या हाताने जेवता येत नाही, ज्याचे वय वाढले तरी बुद्धी बालकाचीच राहिली, त्याने वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी कोठे जावे? बेवारस दिव्यांगांना ते वाढले त्याच घरी आजीवन राहता यावे, असा कायदा करावा, ही शंकरबाबांची मागणी आहे. संस्थेच्या भिंतींआड माणसे आयुष्यभर कोंडली जातील, गैरप्रकार होतील, ही शंका निराधार नाही. तथापि तिचे उत्तर कठोर तपासणी आणि समाजाचा उघडा वावर हे आहे. निराधाराला रस्त्यावर काढणे हे नव्हे.

कायद्याची वाट पाहत समाजाने स्वस्थ बसावे, असाही याचा अर्थ नाही. आज जे उपलब्ध आहे तेही गावापर्यंत पोहोचत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे ७ प्रकार वाढवून २१ केले आणि लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमता येतो. ‘आमच्यामागे कोण?’ या प्रश्नाचे निदान कायदेशीर उत्तर तेथे आहे. पण पुसेगावच्या शेतमजूर आईला हे कोणी सांगायचे? प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयाची वारी तिच्यासोबत कोणी करायची?

येथेच कार्यकर्त्याचे काम सुरू होते. प्रत्येक गावात एक वझ्झर उभे करणे शक्य नाही आणि ते आवश्यकही नाही; कारण ज्या मुलाला घर आहे त्याचे खरे पुनर्वसन त्याच्या घरात, त्याच्या गल्लीत, त्याच्या शाळेतच व्हायला हवे. आपल्या गावातील अशा मुलांची नोंद ठेवणे, त्यांची कागदपत्रे पूर्ण करून देणे, शाळेचे दार उघडून घेणे आणि आठवड्यातून दोन तास त्या मुलाजवळ बसून थकलेल्या आईला उसंत देणे, यासाठी इमारत लागत नाही, देणगीही लागत नाही. मागील जन्मीचे पाप म्हणून मूल दडविणाऱ्या घराला सणासमारंभाचे आमंत्रण आग्रहाने देणे, हीसुद्धा सेवाच आहे.

शंकरबाबांनी शंभराहून अधिक मुलांना आपले नाव दिले. इतरांना तेवढे साधणार नाही. पण प्रत्येक गावाने आपल्या एका मुलाला ‘हा आमचा’ एवढे जरी म्हटले, तरी कोण्या आईला डोळे मिटताना तो प्रश्न विचारावा लागणार नाही.